चालू गाडीत बॅटरीची वायर काढू नका दादा (डायनॅमोच्या लेखावरच्या कमेंटला उत्तर)

दादा, तुमची कमेंट परवा रात्री वाचली, सकाळी परत वाचली, आणि खाली दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून हे सविस्तर लिहायलोय. ज्यांनी कमेंट पाहिली नसेल त्यांना थोडक्यात सांगतो. मी माझ्या २००४च्या मारुती ८००चा अल्टरनेटर (आपण ज्याला डायनॅमो म्हणतो, चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) घरी कसा बदलला ते लिहिलं होतं. त्यावर लातूरच्या या दादांचं म्हणणं असं की असले लेख वाचून लोक डिझेल गाड्यांना हात घालतील आणि ब्रेक घालवून बसतील. दुसरं, मीटर-बिटर काही लागत नाही, गाडी चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढायची, गाडी चालू राहिली तर डायनॅमो चांगला, बंद पडली तर खराब, पंचवीस वर्षं झाली हेच बघत आलोय. तिसरं, मेकॅनिकच्या पोटावर पाय देऊ नका. आणि शेवटी त्यांनी स्वतःच्या गाडीचं लिहिलंय, त्यांच्या ८००ला बॅटरीचा लाल लाईट कधीच लागत नाही म्हणजे चार्जिंग ओके आहे, उगं लोकांना घाबरवू नका.

पहिलं म्हणणं एकदम बराबर आहे आणि ती माझी चूक झाली. मी पेट्रोल गाडी डोळ्यासमोर ठेवून लिहीत गेलो आणि डिझेलवाल्यांसाठी एक ओळसुद्धा टाकली नाही. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलका करणारा डबा) लागणारं व्हॅक्यूम इंजिनच्या मॅनिफोल्डमधूनच (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून) मिळतं. डिझेलला ते तसं मिळत नाही, वेगळा पंप लागतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल जीप-गाड्यांना तो पंप अल्टरनेटरच्याच मागच्या बाजूला बसवलेला असतो. म्हणजे तिथं अल्टरनेटर खोलणं म्हणजे ब्रेकच्या कामाला हात लावणं आहे. त्याला इंजिनमधून ऑइलचा पाईप येतो, ऑइल परत जायला दुसरा पाईप असतो आणि व्हॅक्यूमचा होस वेगळा. तांब्याचा वायसर जुनाच टाकला की ऑइल गळणार, होस नीट बसला नाही की ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक होणार. हे काम दुकानातच करा. आणि दुकानातून गाडी आणली की बंद गाडीत पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करा, पाय तसाच दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. इंजिन चालू होताच पेडल थोडा खाली बसला पाहिजे. नाही बसला तर गाडी तिथून हलवू नका. हे सगळं मी आता मूळ लेखात सगळ्यात वर टाकलंय, तुमच्यामुळं टाकलंय.

पण दादा, वायर काढून बघायचं जे तुम्ही लिहिलंय ना, तिथं मी तुमच्यासोबत नाही. ते वाचून उद्या दहा जण तसं करतील म्हणूनच खरं तर हे लिहायला बसलो.

ही टेस्ट आली कुठून ते बघा. आपण अजून अल्टरनेटरला डायनॅमोच म्हणतो, मीही बोलताना डायनॅमोच म्हणतो. जुन्या फियाट, अॅम्बॅसिडरला खराच डायनॅमो असायचा. तो सरळ डीसी करंट द्यायचा, त्यात डायोड नव्हते, कटआउट (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) वेगळ्या डब्यात आणि तोही पॉइंटवर चालणारा. तिथं वायर काढली तर बल्ब सोडून जळण्यासारखं नाजूक काही नव्हतं. नंतर वस्तू बदलली, नाव तेच राहिलं आणि नावासोबत ती टेस्टही राहिली. अल्टरनेटर आत एसी तयार करतो, डायोडची प्लेट त्याचा डीसी करते आणि इलेक्ट्रॉनिक कटआउट रोटरचा (आत फिरणाऱ्या विद्युत-चुंबकाचा) करंट कमीजास्त करून व्होल्टेज १४च्या आसपास धरून ठेवतो. या सगळ्याला बॅटरीचा आधार असतो. पाण्याच्या टाकीसारखं समजा, मोटर कमीजास्त झाली तरी टाकीमुळं नळाला धार एकसारखी येते. चार्जिंग चालू असताना तुम्ही टाकीच काढून घेतली की रोटरमधलं चुंबकत्व काही त्या क्षणी जात नाही, कटआउटला सावरायला वेळ मिळत नाही, आणि १२ व्होल्टच्या सिस्टिममध्ये क्षणभर ८०-१०० व्होल्टपर्यंतचा झटका जाऊ शकतो. कार्बोरेटरवाल्या जुन्या ८००मध्ये डायोड-कटआउटवर भागलं असतं, पण २०००च्या आसपास एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पेट्रोल फवारणी) आलं तेव्हापासून ईसीयूही (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) त्याच वायरवर आहे. अल्टरनेटर दुरुस्त होतो, ईसीयू गेला की जुन्या गाडीच्या किमतीत तो खर्च बसतच नाही.

तुम्ही म्हणाल इतकी वर्षं काही झालं नाही. मी ज्यांच्याकडं हे काम शिकलो त्या आमच्या अंबाजोगाईच्या वस्तादांच्या दुकानात डालड्याच्या डब्यात जळालेल्या डायोड प्लेटा पडलेल्या असतात. त्यातली एक त्यांनी माझ्या हातावर ठेवली होती, डायोडच्या बुडाशी निळा-काळा डाग आणि सोल्डर केलेली तार वितळून बाजूला सरकलेली. ज्याची जळते तो वायर काढणाऱ्याकडं परत जाऊन सांगत नाही की तुझ्यामुळं जळली, कारण त्याला ते माहितीच नसतं. गाडी महिनाभरानं त्रास देते आणि तो वस्तादांकडं येतो.

आणि नुकसानाचं सोडा, ती टेस्ट उत्तरच चुकीचं देते. एक डायोड गेलेला असला तरी अल्टरनेटर इंजिन चालू ठेवण्यापुरता करंट देतो, गाडी बंद पडत नाही, तुम्ही म्हणता चांगला आहे. माझ्या गाडीत दोष वेगळा होता, पण टेस्टनं मलाही असंच फसवलं. मागच्या हिवाळ्यात सकाळी सेल्फ जरा जड वाटायला लागला म्हणून रस्त्यावरच्या एका दुकानात गाडी दाखवली. त्यानं वायर काढली, गाडी चालू राहिली, म्हणला डायनॅमो टकाटक आहे, बॅटरीला पाणी घाला. चौथ्या दिवशी रात्री लातूरहून अंबाजोगाईला येत होतो, मागं बायको आणि झोपलेलं लेकरू. बर्दापूरच्या अलीकडं हेडलाईट पिवळा पडायला लागला, मला आधी वाटलं काच घाण झाली. ऊसतोडीचे दिवस, तुम्हाला सांगायची गरज नाही त्या रस्त्यावर काय असतं. पुढं दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर होता, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. मला ट्रॉली दिसलीच नाही. दिसलं ते मागं लोंबणारं उसाचं वाढं, हिरवं-पांढरं, बोनेटच्या इतकं जवळ की ब्रेक मारल्यावर त्याची पानं काचेला लागून हलत होती. लेकरू सीटवरून खाली पडलं. लागलं काही नाही, पण मी तो आवाज विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी अल्टरनेटर काढला तेव्हा कळलं, एक कार्बन (रोटरच्या रिंगेवर टेकून करंट पोचवणारा ब्रश) जेमतेम ४ मिलीमीटर उरला होता आणि दुसरा पार संपून त्याची स्प्रिंग रोटरच्या रिंगेवर घासत होती. तांब्याच्या रिंगेत नखाला लागेल असा चर पडला होता. टेकला तर चार्जिंग, खड्ड्यात गाडी आदळली की बंद. दुकानात उभ्या गाडीत तो टेकलेला होता म्हणून टेस्ट पास झाली. नुसते कार्बन संपले असते तर नवे डागून (सोल्डर करून) काम झालं असतं, पण रिंगच गेली म्हणून मी रिपेअर केलेला दुसरा बसवला.

हिशोब पण करून बघा. दोन हेडलाईट ५५-५५ वॅटचे म्हणजे ११० वॅट, १२नं भागले की ९ अँपिअर तिथंच गेले. टेललाईट, पेट्रोल पंप, इग्निशन धरून १५च्या पुढं. ८००ची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, ती पण नवी असली तर. चार्जिंग बंद असेल तर जुन्या बॅटरीवर लातूर ते अंबाजोगाई सुद्धा भरवशाचं नाही, आणि व्होल्टेज उतरलं की आधी उजेडच जातो.

म्हणून मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर काही महागाची वस्तू नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६च्या आसपास, गाडी चालू केली की १३.५ ते १४.५. मग हेडलाईट, ब्लोअर, वायपर सगळं लावा, आणि थोडी रेस दिल्यावर १३च्या वर टिकलं पाहिजे. आपल्याकडं मे महिन्यात भर दुपारी गरम इंजिनवर १३.६ दिसलं तर घाबरू नका, गरम झाल्यावर कटआउट व्होल्टेज थोडं कमीच ठेवतो, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. व्होल्टेज कमी आलं तरी लगेच अल्टरनेटर खोलू नका. आधी बेल्ट बघा, मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. (८००ला त्याला फॅन बेल्ट म्हणतात खरं, पण रेडिएटरचा पंखा करंटवर फिरतो. हा बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून तो तुटला तर चार्जिंगसोबत इंजिनही तापतं.) मग गाडी चालू आणि लाईट लावून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर दोष वायरीत, थिंबलमध्ये (वायरच्या टोकाच्या कडीत) आहे. तसंच अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत बघा, तिथं जास्त आलं तर इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलीय. हे बघताना गळ्यात गमछा, रुमाल नको, बेल्ट फिरत असतो. आमच्या शेजारच्यांचा अल्टरनेटर असाच बदलला गेला आणि आठ दिवसात परत तीच तक्रार, शेवटी निघाली अर्थिंगची पट्टी. पैसे गेले ते गेलेच.

निगेटिव्ह आधी काढायचा यावरही तुम्ही लिहिलंय की कुठली पण काढा काय फरक पडतो. फरक आहे दादा. पॉझिटिव्हवर पाना लावलाय, निगेटिव्ह जोडलेलाच आहे आणि पाना बॉडीला टेकला, की सरळ शॉर्ट. निगेटिव्ह आधी सोडवला तर तो पाना बॉडीला टेकून काही होत नाही, आणि तो निघाल्यावर पॉझिटिव्हही टेकला तरी करंटला परतीचा रस्ता नाही. बसवताना उलटं, निगेटिव्ह शेवटी. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर चावी बंद असली तरी जिवंत असते, तिच्यात चावीचा काही संबंध नसतो. माझ्या धाकट्या भावानं हे न करता त्या वायरच्या नटाला पाना लावला होता, हातात स्टीलचं कडं. पाना आणि ब्रॅकेटच्या मधी कडं आलं. सेकंदभराचं काम, पण त्याच्या मनगटावर अजून बांगडी घातल्यासारखी गोल पांढरी रेघ आहे. कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा हे मी प्रत्येक वेळी लिहितो ते त्याच्यामुळं.

राहिला मेकॅनिकच्या पोटाचा प्रश्न. मी हे काम वस्तादांकडंच शिकलो, आणि घरी बोल्ट सोडवून अल्टरनेटर त्यांच्याकडंच घेऊन गेलो. रिंगेतला चर त्यांनीच दाखवला, रिपेअर केलेला अल्टरनेटरही त्यांच्याकडचाच. बेअरिंग दाबून बसवणं, कार्बन डागणं, डायोड एकेक करून तपासणं हे त्यांच्याच हाताचं काम आहे, त्याचे पैसे मी कधी घासाघीस न करता देतो. त्यांना स्वतःला माझं मीटर लावून येणं आवडतं, कारण मी "डायनॅमो खराब झालाय" न म्हणता "लाईट लावल्यावर १२.४ वर येतंय, वायर चांगली आहे" असं सांगतो, त्यांचा अर्धा तास वाचतो. ते म्हणतात की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते, आदल्या दिवशी लोकांनी प्रेशरनं इंजिन धुतलेलं असतं आणि पाणी अल्टरनेटरमध्ये गेलेलं असतं. धुवायचंच तर त्याच्यावर पिशवी बांधून धुवा.

आता तुमच्या गाडीचं, आणि हे कृपा करून आजच बघा. लाल लाईट कधीच लागत नाही ही चांगली खूण नाही. चावी फिरवून इंजिन चालू करायच्या आधी तो लाईट लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. आपल्या जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या रोटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच जातो. बल्ब उडाला किंवा वायर सुटली तर लाईट तर लागत नाहीच, पण अल्टरनेटरही कधी कधी चार्जिंग सुरू करत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच सुरू करतो. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. मला वाटतं त्या बॅटऱ्यांचा काही दोष नव्हता. चावी टाकून बघा, लाईट नाही लागला तर आधी डॅशबोर्डचा तो बल्ब बदला, मग गाडी चालू करून मीटरवर किती येतंय ते इथंच खाली लिहा. मीटर नसेल तर रविवारी अंबाजोगाईला या, माझ्याकडं आहे, वस्तादांचं दुकानही दुपारपर्यंत उघडं असतं.