गांजाने म्हणे अभ्यास चांगला होतो!

ताईने रात्री एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, "हे खरं हाय का रे? पोराच्या मोबाइलात सापडलं." पोरगं म्हणजे माझा भाचा. लातूरला नीटचं रिपीटचं वर्ष, अजून अठरा पूर्ण नाहीत. मेसेजवर हिरवं पान, पानावर ॐ आणि खाली मुद्दे: गांजा ही महादेवाची वनस्पती आहे, त्याने एकाग्रता वाढते, सवय लागत नाही, दारू-सिगारेटपेक्षा सुरक्षित आहे, कॅन्सरपासून फिटपर्यंत सगळ्यावर औषध आहे, संयुक्त राष्ट्रांनी तो ड्रग्जच्या यादीतून काढलाय, कॅनडात राजरोस मिळतो आणि आपल्याकडे एक किलोपर्यंत जवळ ठेवला तर गुन्हाच नाही. शेवटी 'विद्यार्थी मित्रांपर्यंत पोचवा'. वा रे वा. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, म्हणून घरातले असले सगळे मेसेज माझ्याच गळ्यात पडतात. हा तर आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही येऊन गेला, आणि त्याला दोघा-तिघांनी अंगठेही दाखवले. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी एकाग्रतेचं बघू, कारण डोकं फिरलं ते त्यानेच. गांजात नशा आणणारं जे द्रव्य असतं ते टीएचसी. आपला मेंदू त्याच्याशी मिळतीजुळती रसायनं स्वतःच तयार करतो, अगदी मोजून-मापून. एका पेशीचा निरोप दुसरीकडे किती जोरात जावा, यावर त्यांचा ताबा असतो. या रसायनांच्या बसायच्या जागा हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात दाटीवाटीने असतात. आज वाचलेलं उद्यासाठी जमा करून ठेवणारा भाग तोच. झुरका मारला की टीएचसी थेट तिथे जाऊन ठाण मांडतं आणि निरोपांवरचा तो ताबा बिघडवतं. शिवाय सतरा-अठराव्या वर्षी मेंदूची बांधणी संपलेली नसते. पुढचा विचार करणारा, मन आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो.

मग पोरांना 'मस्त अभ्यास झाला' असं का वाटतं? कारण गांजात वेळ लांबल्यासारखी वाटते. वीस मिनिटं पुस्तक उघडं ठेवलं की तासभर वाचल्याचं समाधान मिळतं. आणि एकच आकृती बघत बसलं तरी फार खोल काहीतरी कळतंय असा भास होतो. फिजिक्सचं एक गणित घ्या. वस्तुमान, वेग, कोन, सगळं डोक्यात धरून तिसऱ्या ओळीपर्यंत जायचं असतं. नशेत तिसरी ओळ येईपर्यंत पहिलीतला आकडा सुटलेला असतो. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि चुकलं की एक मार्क वजा. त्या हॉलमध्ये भास कामाला येत नाही.

'सर, तुम्ही पुस्तकी बोलता' असं म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०१८ साली तो प्रसिद्ध केला. १६ ते २५ वयाची ८८ मुलं-मुली, सगळी आठवड्यातून किमान एकदा गांजा घेणारी. बहुतेकांना महिनाभर बंद करायला लावलं, बाकीच्यांना चालू ठेवू दिलं. बंद केलंय की नाही हे नुसतं तोंडी विचारलं नाही, लघवी तपासून पाहिलं. बंद करणाऱ्यांची नवीन शब्द लक्षात ठेवायची ताकद सुधारली, आणि त्यातली बरीचशी सुधारणा पहिल्याच आठवड्यात दिसली. चालू ठेवणाऱ्यांची सुधारली नाही. गांजाने स्मरणशक्ती वाढत असती, तर बंद केल्यावर ती घटायला हवी होती ना? झालं नेमकं उलटं. (लक्ष केंद्रित करण्याच्या चाचण्यांत मात्र महिनाभरात तसा फरक दिसला नाही, हेही सांगून ठेवतो. उगं आपल्या सोयीचं तेवढंच सांगायचं, हा धंदा मेसेजवाल्यांचा.)

खोटेपणा दुसऱ्या बाजूनेही चालतो. 'गांजा ओढला की बुद्ध्यांक आठने उतरतो' असा मेसेजही फिरतो. तो आकडा न्यूझीलंडच्या डुनेडिनमधल्या अभ्यासातला. पण तिथे आठ गुणांपर्यंतची घट होती ती किशोरवयात सुरुवात करून पुढे वर्षानुवर्षं गांजाच्या आहारी राहिलेल्यांत, आणि त्यावरही संशोधकांत वाद आहे. एका झुरक्याचा तो हिशोब नव्हे. पोरं गुगल करतात. एक खोटं पकडलं की आपलं पुढचं खरंही ऐकून घेत नाहीत.

'सवय लागत नाही.' लागते. घेणाऱ्या सगळ्यांना नाही, हे कबूल. पण किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत साधारण सहात एकाला लागते, असा जगभरात वापरला जाणारा अंदाज आहे. मोठेपणी सुरू करणाऱ्यांपेक्षा हे प्रमाण जास्त. बंद केल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे चिडचिड, झोप उडणं, जेवण नकोसं होणं, भलतीसलती स्वप्नं, हे सगळं होतं. घरचे म्हणतात, "सोडल्यावर तर आणखीनच बिघडला." तो बिघडलेला नसतो, अंगातून उतरत असतं. तेवढे दिवस त्याच्या अंगावर ओरडू नका, एवढंच मी ताईला सांगितलं.

यापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे आणि मेसेजात तिचा उल्लेखही नाही. रोज ओढणाऱ्या काही पोरांना संशय धरतो. शेजारचे माझ्याबद्दलच कुजबुजतात, कुणीतरी पाळत ठेवतंय, कानात आवाज येतात. घराण्यात कुणाला असा मानसिक आजार असेल तर धोका आणखी वाढतो. आणि आपल्याकडे काय होतं? "बाहेरचं झालंय" म्हणून आधी देवऋषी, मग अंगारा, मग अमावास्येची वाट. महिने जातात आणि आजार मुरतो. लातूर, नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगरची घाटी, सगळीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मानसोपचाराचे डॉक्टर बसतात. तेही लांब पडत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आजारावर सल्ला देणाऱ्या सेवेचा, आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे.

'दारू-सिगारेटपेक्षा बरा.' अर्धं खरं, नाइलाजाने मान्य करतो. दारू जास्त झाली तर माणूस जागेवर मरू शकतो, नुसत्या गांजाने तसं होत नाही. पण सिगारेटशी तुलना कशाला? आपल्याकडे सिगारेटमधली तंबाखू तळहातावर सांडायची, त्यात माल चुरायचा आणि पुन्हा भरायचं, हीच तर पद्धत. म्हणजे तंबाखू फुकटात सोबत आलीच.

महादेवाचं म्हणाल तर परळी, औंढा, वेरूळ, तिन्ही ज्योतिर्लिंगं आपल्या मराठवाड्यात आहेत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेल वाहत आलोय. देवाने हलाहलही पचवलं, ते कुणी मागत नाही. पुढे चला.

औषधाचं. काही दुर्मीळ, लहानपणीच्या फिट्सवर भांगेच्या, म्हणजे गांजाच्याच, झाडातल्या सीबीडी नावाच्या दुसऱ्या द्रव्यापासून केलेल्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली, हे खरं. ते मोजून द्यायचं पातळ औषध आहे, आणि सीबीडीने नशा येत नाही. कोपऱ्यावरच्या पुडीशी त्याचा संबंध नाही. कॅन्सर बरा होतो ही मात्र शुद्ध थाप. संयुक्त राष्ट्रांत डिसेंबर २०२० मध्ये मतदान झालं आणि भारतानेही बाजूने मत दिलं, हेही खरं. त्यात गांजा सगळ्यात कडक यादीतून निघाला, पण नियंत्रणाच्या पहिल्या यादीत आजही आहे.

कॅनडात २०१८ पासून कायदेशीर आहे, मोठ्यांना. वयाची अट प्रांताप्रमाणे १८ किंवा १९, क्यूबेकात २१. अल्पवयीन पोराला गांजा देणाऱ्याला तिथे १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मेसेजवाल्याने बरं गाळलं!

राहता राहिला 'एक किलो'. हा मुद्दा पोरांना थेट कोठडीत नेणारा. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात एक किलोपर्यंतच्या गांजाला 'अल्प प्रमाण' म्हटलंय. अल्प म्हणजे माफ नव्हे. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रिपीटच्या वर्गातली बरीच पोरं अठरा ओलांडलेली असतात, त्यांना हे थेट लागू. आणि अठराच्या आतल्या लेकराला डॉक्टरच्या सांगण्याशिवाय अमली पदार्थ देणाऱ्यासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ आहे: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. भाच्याला हा मेसेज त्याच्या रूमवरच्या एका 'दादा'ने पाठवलाय असं कळलं. दादाचं वय एकवीस. त्याच्या बापाचा नंबर ताईकडून घेतलाय, उद्या सकाळी बोलतो.