मलपृष्ठ वाचून अभिप्राय लिहिणाऱ्यांस

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या सभागृहात एक लोखंडी कपाट आहे, आणि त्या कपाटाला आम्ही मोठ्या कौतुकाने वाचनालय म्हणतो. गेली सहा वर्षे त्याची किल्ली माझ्याकडे आहे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे बसते, पुस्तके देते, परत घेते, सुटलेली पाने चिकटवते आणि टेबलावर एक अभिप्राय वही उघडून ठेवते. वहीला दोरीने पेन बांधलेले आहे. ते का बांधावे लागले, हे पुण्यातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. वही ठेवण्याची कल्पना माझीच होती, आणि तिचा मला आज जितका पश्चात्ताप होत आहे तितका आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा झाला असेल.

गेल्या दिवाळीत मी टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची टिफनी एकिंगची पाच पुस्तके या कपाटात आणून ठेवली. दोन नवी घेतली, तीन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून वर्षभर पायपीट करून जमवली, आणि सगळ्यांना खाकी नव्हे तर पारदर्शक वेष्टन घातले, म्हणजे मुखपृष्ठे पाहून मुले हात लावतील. पहिले पुस्तक २००३ सालचे आणि शेवटचे २०१५ सालचे. पहिल्यात टिफनी नऊ वर्षांची आहे आणि पुस्तकागणिक ती मोठी होत जाते, त्यामुळे पाचवीतल्या मुलीने सुरुवात केली तर तीही तिच्याबरोबर मोठी होऊ शकते. टिफनी चुनखडीच्या डोंगरातल्या मेंढपाळांच्या घरची, उत्तम चीज करणारी, विलक्षण चिकित्सक आणि थोडीशी कुर्रेबाज मुलगी आहे, आणि ती चेटकीण व्हायचे ठरवते. सगळे बिनसले ते या एका शब्दापाशी.

वहीतला पहिला अभिप्राय तीनच शब्दांचा होता: ‘हॅरी पॉटरचीच नक्कल.’ खाली सही, आणि सहीखाली दोन रेघा. या गृहस्थांना मी पुस्तक दिलेले नव्हते. नोंदवहीत तसा उल्लेखच नाही. कपाटासमोर उभ्याउभ्या त्यांनी मलपृष्ठ वाचले, काठीवर बसलेली मुलगी पाहिली आणि निकाल देऊन टाकला. प्रॅचेटच्या ज्या कल्पित जगात या कथा घडतात, त्या जगाचे पहिले पुस्तक १९८३ साली आले. जादूगारांच्या विद्यापीठात शिरू पाहणाऱ्या एका मुलीची आणि तिच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या चेटकिणीची कादंबरी त्याने १९८७ साली लिहिली, आणि तीच म्हातारी पुढे टिफनीच्या पुस्तकांतही येते. हॅरी पॉटरचा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो १९९७ साली. आता पणतूने पणजोबाची नक्कल केली असे एक वेळ म्हणता येईल, पण पणजोबाने पणतूची नक्कल केली असे म्हणायला फक्त आमच्या सोसायटीतला आत्मविश्वासच हवा. मी ही सनावळी वहीत त्या अभिप्रायाखाली लिहिली. पुढच्या रविवारी तिच्याखाली त्याच अक्षरात उत्तर होते: ‘तरीपण साम्य आहे.’

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण फेब्रुवारीत बी इमारतीतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी वहीचे संपूर्ण एक पान भरून लिहिले की हे साहित्य कोवळ्या मनांवर अंधश्रद्धेचे संस्कार करणारे आहे, महाराष्ट्राला समाजसुधारकांची थोर परंपरा लाभलेली असताना अशी पुस्तके सोसायटीच्या आवारात असणे लांच्छनास्पद आहे, आणि कार्यकारिणीने याची गंभीर दखल घ्यावी. मी त्यांना जिन्यात गाठून विचारले, “काका, पुस्तक वाचलंत का?” ते म्हणाले, “अहो ताई, चेटकिणीवरचं आहे हे दिसतंय ना समोर. त्याला वाचायचं काय?” त्या काकांच्या मोटारीला दर शनिवारी ताजी लिंबू-मिरची लागते, हे मी केवळ माहितीसाठी नोंदवून ठेवते.

माझा संताप आवरत नाही तो नेमका इथे, कारण त्या पहिल्या पुस्तकाचा गाभाच अंधश्रद्धेविरुद्ध आहे. टिफनीच्या गावात एक बोळकी, एकटी, स्वतःशी पुटपुटणारी म्हातारी राहत असते. गावच्या सरदाराचा मुलगा नाहीसा होतो आणि संशय तिच्यावर जातो, का, तर ती दिसायला चेटकिणीसारखी आहे. लोक तिच्या घरात शिरतात, बाग खणून काढतात, तिच्या म्हाताऱ्या मांजराला दगडांनी ठेचतात, तिला बाहेर काढून घर पेटवून देतात, आणि पुढे थंडीत ती बर्फात मरते. तिची भट्टी एवढीशी होती की तिच्यात सबंध मुलगा मावणेच शक्य नव्हते, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. ते फक्त टिफनीच्या डोक्यात येते. तिचा चेटकीण होण्याचा निश्चय या म्हातारीच्या आठवणीतून पक्का होतो. ज्या मुलीला नदीतल्या राक्षसिणीचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात असे गोष्टीच्या पुस्तकात वाचल्यावर घरातली बशी काढून तिचा व्यास मोजावासा वाटतो आणि जी तो आठ इंच असल्याची खात्री करून घेते, तिच्या गोष्टीने कोवळी मने अंधश्रद्ध होतात, असे म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावे?

आणि हे कोणत्या गावात लिहिले जाते? ज्या पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघून ज्यांच्या अठरा वर्षांच्या पाठपुराव्याचा जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरात मंजूर झाला, त्या पुण्यात. नंदुरबारकडे सातपुड्यातल्या पाड्यांवर बायांना डाकीण ठरवून मारहाण होते, गावातून हाकलले जाते, याच्या बातम्या आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. प्रॅचेटने लिहिलेली ती म्हातारी आपल्याला परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. आमच्या कपाटात अंधश्रद्धा निर्मूलनाला याहून उपयोगी पडेल असे मुलांचे दुसरे पुस्तक मला तरी सापडलेले नाही, आणि नेमके तेच बाहेर काढा असे दाभोलकरांच्या नावाने सांगितले जाते. (त्या पानभर मजकुरात त्यांचे नाव तीन वेळा आहे. मी मोजले.)

यात थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे, हे मी मान्य करते. चेटकीण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिंजारलेले केस, लांब नखे आणि चेटूक येते. जखीण, हडळ आणि चेटकीण यांतला फरकही आता कोणाला सांगता येत नाही. प्रॅचेटच्या चेटकिणी दिवसभर काय करतात हे पाहिले तर त्यांना मराठीत सुईण, वैदीण आणि जाणती आजी या तिघींचे मिश्रण म्हणावे लागेल. त्या बाळंतपणे करतात, म्हाताऱ्यांच्या पायांची नखे कापतात, जखमा धुतात, भावकीतली भांडणे मिटवतात आणि मेलेल्या माणसाजवळ रात्रभर जागतात. माझी आजी भोरजवळच्या खेड्यात यातले बहुतेक सगळे करत असे आणि तिला कोणी काठीवर उडताना पाहिले नव्हते. पण शब्दाची एवढीच भीती असेल, तर हीच मंडळी मुलांना घेऊन यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात ‘अलबत्या गलबत्या’ला गेली तेव्हा वैभव मांगल्यांच्या चिंची चेटकिणीला शिट्ट्या का वाजवत होती? मी मागच्याच रांगेत होते. रत्नाकर मतकरींच्या चेटकिणीने संस्कार बिघडत नाहीत आणि प्रॅचेटच्या चेटकिणीने बिघडतात, तर मग बिघडवण्याचे काम इंग्रजी करते काय?

बाकीचे अभिप्राय मी भराभर सांगते, कारण ते आठवले तरी माझे डोके दुखते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिले की हे फारच बालिश आहे, आणि दोन महिन्यांनी त्यांनीच लिहिले की चौथ्या भागात बापाने मुलीला बेदम मारल्याचा प्रसंग असल्यामुळे हे मुलांना देण्याजोगे नाही. एकच मालिका एकाच बाईला एकाच वेळी पोरकट आणि प्रौढांपुरती कशी वाटू शकते, हे मी त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की चौथा भाग त्यांच्या जावेने वाचला होता. एका आईने ‘मुलींचे पुस्तक आहे’ म्हणून मुलाच्या हातातून ते काढून घेतले आणि त्याला क्रिकेटपटूचे चरित्र दिले. त्या चरित्राचे पहिले प्रकरणही त्याने अजून संपवलेले नाही. एकाने पाचापैकी अर्धा तारा दिला. आमच्या वहीत तारे द्यायची पद्धतच नाही; त्याने ती स्वतः सुरू केली आणि पहिलाच तारा मधोमध कापला.

कोणी म्हणेल की बाईंना टीका सहन होत नाही. मला टीका हवी आहे. म्हणून तर वही ठेवली. या मालिकेवर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे आणि मी स्वतः ती करायला तयार आहे. तिसरे पुस्तक मध्यावर रेंगाळते. निळ्या कातडीची, लाल केसांची, सहा इंच उंचीची जी भांडकुदळ चिमुकली माणसे टिफनीच्या मागे असतात, त्यांची स्कॉटिश वळणाची बोली आमच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांनाही सुरुवातीला कळत नाही. तिसऱ्या भागात तिचा शब्दार्थकोश दिला आहे, पण तो पहिल्याच भागात असायला हवा होता. पाचवे पुस्तक तर घाईचे वाटते आणि त्याला कारण आहे. प्रॅचेटला अल्झायमर झाल्याचे २००७ साली कळले, तो मार्च २०१५ मध्ये वारला आणि पुस्तक त्या ऑगस्टमध्ये आले. त्याच्या मनासारखे ते पुरते झाले नव्हते, असे त्याच्या सहायकाने पुस्तकाच्या शेवटी स्वच्छ सांगितले आहे. सातवीतल्या एका मुलीने वहीत लिहिले, ‘यात जादू फार कमी आहे आणि कामं फार आहेत, मला आधी राग आला.’ तिचे ते ‘आधी’ मला इतके आवडले की मी त्याखाली रेघ मारली. हा अभिप्राय पुस्तक वाचलेल्या माणसाचा आहे. वहीतल्या तेवीस अभिप्रायांत असे मला चारच सापडले, आणि चारही चौदा वर्षांच्या आतल्यांचे आहेत.

आता ज्या प्रकारामुळे मी हे लिहायला बसले तो सांगते. पाचव्या पुस्तकात आरंभीच एका पात्राचा मृत्यू होतो. तो कोणाचा, हे मी इथे लिहिणार नाही, कारण लिहिले तर त्या माणसात आणि माझ्यात काय फरक राहिला? कोणीतरी, बहुधा आपण वाचनात किती पुढे आहोत हे दाखवण्याच्या हौसेने, पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्या पात्राचे नाव आणि पुढे ‘शेवटी मरते’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले. मुळात ते शेवटी मरत नाही, आरंभी मरते. म्हणजे रहस्य फोडायचे तेही चुकीचे. मी खोडरबराने ते पुसले, पण दाबून लिहिल्यामुळे तिरक्या उजेडात अजून वाचता येते. त्या सातवीतल्या मुलीने ते वाचले आणि मला विचारले, “मावशी, हे खरंय?” मी खोटे बोलले. सहा वर्षांत वाचनालयाच्या कामासाठी मला प्रथमच एका मुलीशी खोटे बोलावे लागले.

तिने तरीही पहिले पुस्तक संपवले आणि दुसरे मागितले. दुसरे कपाटात नव्हते. ते त्याच बी इमारतीतल्या काकांनी फेब्रुवारीत, आपला पानभर अभिप्राय लिहिला त्याच दिवशी, कार्यकारिणीपुढे पुरावा म्हणून मांडण्यासाठी नेले होते. मुदत पंधरा दिवसांची असते आणि त्यानंतर दिवसाला एक रुपया दंड आहे, हे कपाटाच्या दारावर ठळक अक्षरांत लावलेले आहे. मी तीन निरोप पाठवले आणि शेवटी काल संध्याकाळी स्वतः जाऊन घंटा वाजवली. पुस्तक दूरदर्शन संचावर, ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेले होते त्याच वर्तमानपत्रात होते. गाठसुद्धा माझीच होती. मी दंडाचा आकडा सांगितला तेव्हा काका सात्त्विक संतापाने म्हणाले, “अहो, मी हे उघडलेलंसुद्धा नाही. मग दंड कशाचा?”

ते वाक्य मी त्यांच्या अभिप्रायाखाली तारखेसह उतरवून ठेवले आहे. पुस्तक आज सकाळी त्या मुलीला दिले. दंड एकशे नऊ रुपये झाला होता. काकांनी शंभर दिले आहेत.