गल्ल्यावरून सांगतो, ३० सेकंदात माणूस कळत नसतो

परवापासून आमच्या तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, "अनोळखी माणसाच्या मनातलं ३० सेकंदात ओळखा", खाली सहा मुद्दे आणि शेवटी "सायन्सने सिद्ध झालेलं". आधी मामांनी टाकला, मग दोन मित्रांनी, काल तर आमच्या वेटरनेच मोबाईल पुढे केला की शेठ हे बघा. आता माझा धंदाच अनोळखी माणसं बघायचा आहे. सातारा साईडला हायवेवर आमचं जेवणाचं हॉटेल आहे, १४ वर्षं गल्ल्यावर बसतोय, रोज दोन-अडीचशे नवे चेहरे समोरून जातात. हे मुद्दे खरे असते तर मी एव्हाना मठ काढला असता. म्हणून एकेक घेतो.

पहिला मुद्दा, "९३ टक्के संवाद देहबोलीतून होतो, शब्द फक्त ७ टक्के". हा आकडा आला अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून. त्यात लोकांना एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवला, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले, आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही. त्यावरून शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५ असं सूत्र निघालं. म्हणजे विषय फक्त आवड-नावडीचा, सगळ्या बोलण्याचा नाही, आणि हे मेहराबियन स्वतःच सांगत आले, पण ते कोण फॉरवर्ड करणार. आमच्याकडे केरळचे ट्रकवाले जेवायला थांबतात, एकजण फोनवर मल्याळममधे तावातावाने बोलत होता, मला कळलं काय तर चिडलाय. कशावर, कोणावर, काही नाही. आणि खरंच चिडला होता का तेही माहीत नाही, हायवेच्या आवाजात सगळेच ओरडून बोलतात. ९३ टक्के कुठे गेले मग?

दुसरा, "हाताची घडी म्हणजे मन बंद". अहो शाळेत बाई "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हणायच्या तेव्हा आख्खा वर्ग मन बंद करून बसायचा का. आमच्याकडे सहा नंबरच्या टेबलावर एसीचा झोत थेट येतो, तिथे बसलेला प्रत्येकजण पाच मिनिटात हाताची घडी घालतो. पुढे.

तिसरा मुद्दा जरा गंभीर आहे, कारण यात माणसं भरडली जातात. "नजर चुकवली, नाकाला हात लावला, उजवीकडे वर बघितलं की समजा खोटं बोलतोय." उजवीकडे वर बघण्याचा दावा २०१२ मधे रिचर्ड वाइजमन आणि इतरांनी तपासून बघितला, काही निघालं नाही. आणि एकूणच खोटं पकडण्याचं म्हणाल तर बाँड आणि डीपॉलो या दोघांनी २००६ मधे तोपर्यंतचे अभ्यास एकत्र केले, २४ हजारांवर लोकांचे अंदाज, त्यात बरोबर आले सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात. अमेरिकेत तर विमानतळावर प्रवाशांचे हावभाव बघून संशयित हुडकायचा सरकारी कार्यक्रम होता, २०१३ मधे तिथल्याच सरकारी तपासनीस संस्थेने सांगितलं की २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर गेले आणि हे चालतं याचा पुरावा दिसत नाही, पैसे आवरा.

माझं सांगतो. एक पोरगा जेवून उठला आणि म्हणाला काका पाकीट गाडीत राहिलं, आणतो. घाम फुटलेला, नजर जमिनीवर, सारखा नाकाला हात. मी वेटरला मागे पाठवलं, पोरगा पाकीट घेऊनच परत येत होता आणि मागे माणूस लावलेला बघून त्याचा चेहरा असा पडला की मला आजही लाज वाटते. त्याच महिन्यात एक साहेब, डोळ्यात डोळे घालून बोलणारे, पिठल्याचं कौतुक, मुलांची चौकशी, मोबाईलवर पेमेंट झाल्याचा हिरवा स्क्रीन दाखवून गेले. रात्री हिशोबाला बसलो तर पैसे आलेलेच नाहीत. खरं बोलणाऱ्यालाही भीती वाटते, की हा माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ती भीती पकडलं जाण्याच्या भीतीसारखीच दिसते. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी या चुकीला नावच दिलंय, ऑथेल्लो एरर. शिवाय आपल्याकडे मोठ्यांच्या डोळ्याला डोळा लावणं म्हणजे उद्धटपणा असंच शिकवलेलं ना, मग खाली बघणारं पोर खोटं कसं ठरतं?

चौथा सगळ्यात जास्त शेअर होतोय, "हॉटेलात न बोलता जेवणारं जोडपं दिसलं की नातं संपलंय समजा". इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. एक बाई आणि एक माणूस, पंचेचाळीसच्या आसपास, अर्धा तास एक शब्द नाही, त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. मी वेटरला हळूच म्हटलं, जोरदार वाजलेलं दिसतंय घरात. बिलाच्या वेळी बाईंनी विचारलं, कराडला पोचायला किती वेळ लागेल, नऊच्या आत दहाव्याला पोचायचंय, आणि मग त्या माणसाला, "भाऊजी, पाण्याची बाटली घ्या". नवरा-बायकोच नव्हते! दीर-भावजय, घरात माणूस गेलेलं. मी नातं चुकवलं आणि भावनाही चुकवली, दोन्ही.

हे नात्यांचं ओळखणं पण तपासून झालंय बरं का. आर्चर आणि कोस्टांझो यांनी १९८० च्या दशकात ३० छोट्या व्हिडिओंची चाचणी बनवली होती, यात मूल कोणाचं, खेळ कोण जिंकला, कोणाचं कोणाशी काय नातं, आणि प्रत्येकाचं खरं उत्तर आधीच माहीत. लोक नुसत्या तुक्क्यापेक्षा बरे ठरतात पण भरपूर चुकतातही. त्यात उत्तरं माहीत होती हे महत्त्वाचं. गल्ल्यावर माझं उत्तर तपासतं कोण? गिऱ्हाईक बिल देऊन निघून जातं आणि मी मनात स्वतःला पैकीच्या पैकी देऊन मोकळा. अशी १४ वर्षं काढली की वाटणारच आपल्याला माणसं कळतात.

आणि आमची आजी, तिने उखाण्याशिवाय आजोबांचं नाव घेतलं नाही, चारचौघात शेजारी बसली नाही. बाजारात खांद्यावर हात टाकून फिरणारे दोन मित्र बघा, बाहेरचा माणूस त्यांना काहीही समजेल. हा फॉरवर्ड लिहिणाऱ्याने यातलं कोणी बघितलेलं दिसत नाही.

पाचवा, "पाय ज्याच्याकडे वळलेत त्याच्यावर प्रेम". आमच्या टेबलांना मधे लोखंडी दांडा आहे, पाय जिकडे जागा तिकडे जातात.

सहावा, "चेहरा कधी खोटं बोलत नाही". २०१२ मधे हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांनी टेनिस खेळाडूंचे फोटो दाखवले, पॉइंट जिंकल्याच्या आणि हरल्याच्या क्षणाचे. नुसता चेहरा बघून लोकांना जिंकला की हरला सांगता येईना, नुसतं शरीर बघून सांगता आलं. म्हणजे शरीर काहीच सांगत नाही असं मी म्हणत नाहीये. आणि २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात, लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतरांच्या, निघालं की राग आलेला असताना माणसं कपाळाला आठ्या घालतात ते साधारण ३० टक्के वेळा. उरलेल्या वेळी राग असतोच, आठ्या नसतात.

आता कोणीतरी तो शिक्षकांचा प्रयोग काढणार म्हणून आधीच सांगतो. १९९३, अंबाडी आणि रोझेंथल, शिक्षकांच्या काही सेकंदांच्या मूक क्लिप बघून अनोळखी लोकांनी त्यांना दिलेले मार्क, विद्यार्थ्यांनी सत्राअखेर त्याच शिक्षकांना दिलेल्या मार्कांशी बरेच जुळले. बरोबर आहे, पण जुळलं ते लोकांच्या मताशी लोकांचं मत. त्या शिक्षकाच्या मनात काय चाललंय हे कोणी ओळखलं नाही, आणि मार्क अनेक जणांची सरासरी काढून होते, एकट्या मामांचे नव्हेत.

वेटरला मी एक वही दिलीय. टेबलाबद्दल जो अंदाज येईल तो लिहायचा, आणि बिलाच्या वेळी खरं काय ते कळलं तरच टिक किंवा फुली. आठ दिवसात ११ अंदाज झाले, त्यातल्या ४ चं उत्तर कळलं, ३ फुल्या आणि एक टिक. टिक कुठली तर "पाच नंबरवाले चिडलेत". त्यांची भाजी वीस मिनिटं आली नव्हती.