जामिनाला निर्दोष म्हणू नका, मामाजी

सावनेरचे काँग्रेसचे माजी आमदार सुनील केदारांबद्दलचा तो फिरता मेसेज अखेर आमच्या फॅमिली ग्रुपवरही पडला. टाकला मामाजींनी, म्हणजे खाली अंगठ्यांची रांग ठरलेलीच. म्हणे साहेबांना हायकोर्टाने निर्दोष सोडलं, बँकेचा पैसा बाजारात बुडाला, खटला एकवीस वर्षं चालला म्हणजे तो खोटाच, आमदारकी सूडापोटी काढली आणि शेवटी जनतेने न्याय केला.

पहिलंच वाक्य धडधडीत खोटं. २२ डिसेंबर २०२३ ला नागपूरच्या न्यायालयाने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या घोटाळ्यात केदारांना ५ वर्षांची सक्तमजुरी सुनावली, वर साडेबारा लाखांचा दंड. ९ जानेवारी २०२४ ला हायकोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी थांबवून जामीन दिला. बस, एवढंच. दोषी ठरवल्याला स्थगिती द्या म्हणून ते पुन्हा गेले, तर जुलै २०२४ मध्ये त्याच हायकोर्टाने नाही म्हटलं. राहुल गांधींना ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाकडून नेमकी हीच स्थगिती मिळाली होती, म्हणून त्यांची खासदारकी तीन दिवसांत परत आली. केदारांना ती मिळालीच नाही. मग निर्दोष कुठून आलं?

'बाजारात बुडाला' हे तर डोक्यातच जातं. पैसा शेअरमध्ये नव्हता. सरकारी रोखे घ्यायचे म्हणून तो होम ट्रेडसारख्या दलाल कंपन्यांकडे गेला. तीच होम ट्रेड, जिच्या जाहिरातीत सचिन आणि शाहरुख झळकायचे. रोखे बँकेच्या हाती आले नाहीत, पैसाही आला नाही. जे हातातच पडलं नाही, त्याचा भाव कसा पडेल? आणि तेव्हा बँकेचे अध्यक्ष होते केदार.

गुन्हा २००२ चा, निकाल २०२३ चा. लाजिरवाणं आहेच. पण तेवढ्या वर्षांत साहेब आमदार होते, मंत्रीही झाले. त्या उशिराने त्यांचं काय अडलं?

राहिला सूड. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८(३) सांगतं, २ वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की दोषी ठरल्या दिवसापासून अपात्र. अपील करून पद वाचवायची पळवाट होती, ती सुप्रीम कोर्टाने १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालात बंद केली. हा कायदा कोणा एकासाठी केलेला नाही. एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. केदारांची आमदारकी गेल्याची अधिसूचना लगोलग निघाली. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटेंना फेब्रुवारी २०२५ मध्ये नाशिकच्या कोर्टाने २ वर्षं ठोठावली, तेव्हा ती लगबग दिसली नाही. मग तिथे घाई का नव्हती, हे विचारा की! त्याने केदारांचा निकाल पुसला जात नाही.

जनतेचा न्याय म्हणाल, तर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सावनेरमध्ये केदारांना उभंच राहता आलं नाही. त्यांच्या पत्नी लढल्या आणि निवडून आले भाजपचे आशिष देशमुख.