मीटर फास्ट आहे

विद्युत मंडळात मी ३४ वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी एकच तक्रार ऐकण्यात गेली: ‘‘साहब, मीटर तेज भाग रहा है.’’ घरात दोन कूलर, पाण्याची मोटर, गिझर. पण तक्रार करणारा शपथेवर सांगायचा की आम्ही तर एक बल्ब लावतो, तोही दिवेलागणीला. मीटर बदलून दिलं तरी नवंही तेजच भागायचं. मी मनातल्या मनात हसायचो.

म्हणून ६८व्या वर्षी डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून ‘‘१५२–९४’’ असं म्हटल्यावर माझ्या तोंडून जे निघालं, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. मी म्हणालो, ‘‘तुमचं मशीन फास्ट दिसतंय.’’

डॉक्टरांनी दुसरं मशीन आणलं. तेही फास्ट. आठवडाभर घरी मोजून या म्हणाले. शेजारून मागून आणलेलं मशीन तर सगळ्यांत फास्ट. अखेर त्यांनी चिठ्ठीवर रक्तदाबाची गोळी, ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज एक, असं लिहिलं आणि वर ‘‘मीठ कमी करा’’ म्हणाले. आता इंदुरात मीठ कमी करायचं म्हणजे शेव सोडायची. रामबागेत जन्मलेल्या माणसाला शेव सोड म्हणणं ही चिकित्सा नव्हे, हद्दपारी आहे.

गोळी घरी आणली. साबुदाण्याहून जराशी मोठी. तिच्याबरोबरचा कागद मात्र उलगडला तर टीपॉयभर झाला. भिंग घेऊन वाचायला बसलो. घोट्यांना सूज येऊ शकते, असं त्यात होतं. मी लगेच बायकोच्या शिवणाच्या डब्यातून टेप काढली आणि दोन्ही घोटे मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवले: २३, २३. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजले तर साडेतेवीस! ‘‘बघ, सुरू झालं,’’ मी ओरडलो. बायको आली, टेपकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं. म्हणाली, ‘‘आधी मोजे काढा. आणि गोळी अजून पाकिटातच आहे.’’

तेवढ्यात मला कुठूनसं कळलं की २०१७च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी उच्च रक्तदाबाची मर्यादाच १४०–९० वरून १३०–८० वर आणली. म्हणजे आदल्या रात्री निरोगी झोपलेली लाखो माणसं सकाळी आजारी उठली! मंडळात आम्ही स्लॅब बदलायचो तेव्हा लोक मोर्चा आणायचे. हा मुद्दा मी घरात दोन दिवस लावून धरला. तिसऱ्या दिवशी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘जुन्या स्लॅबमध्ये १५२ बसतं का?’’

हिचं सांगायला हवं. ही २२ वर्षं थायरॉइडची गोळी घेते. उठली की गोळी, घोटभर पाणी, अर्ध्या तासाने चहा. इतक्या वर्षांत तिने त्या गोळीविषयी एकदाही मत मांडलेलं नाही. माझ्यासारख्या विचारी माणसाला हे जमण्यातलं नव्हतं. मी नेहरू पार्कात सल्ला घ्यायला गेलो.

तिथे सकाळी फिरणारं आमचं टोळकं आहे. सगळे पेन्शनर, सगळे गोळ्यांच्या विरोधात. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक भिया सगळ्यांत कडवे. ते म्हणाले, ‘‘गोली खाई तो समझो लोन ले लिया. जिंदगीभर किस्त भरो.’’ वकीलसाहेबांनी मिठाचा प्रश्न एका वाक्यात निकाली काढला: ‘‘सैंधव वापरा, ते मीठ नसतंच.’’ घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, ‘‘मग आमटीत घातल्यावर खारट कशी होते?’’ (सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असतं, हे तिला शाळेपासून माहीत. मलाही होतं, पण माहीत असणं वेगळं आणि पटणं वेगळं.)

तर गोळी न घेण्याचा माझा कार्यक्रम असा ठरला. पहाटे पाच वाजता रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी. मग लसणाच्या दोन कच्च्या पाकळ्या. यांचा रक्तदाबावर काय परिणाम झाला कळलं नाही, पण बागेत माझ्या बाकावरची गर्दी कमी झाली. मग अर्जुनाच्या सालीचा काढा, चार कप पाण्याचा एक कप होईपर्यंत आटवलेला. गॅस कोण भरणार, हा प्रश्न त्या दिवसांत घरात निघायचा. भिजवलेली मेथी चावून खाणे, तिचं पाणी पिणे, अनुलोम-विलोम, मग दवावर अनवाणी चालणे. एकदा घड्याळ लावून बघितलं तर गोळी न घ्यायला मला रोज दोन तास चाळीस मिनिटं लागत होती.

फिरून झालं की पोहे. यावर मी घरी बरंच ऐकलं आहे, पण आपलं म्हणणं असं की इंदुरी पोहे वाफेवर बसलेले असतात, घरच्या पोह्यांइतकं तेल त्यात नसतं, वर बडीशेप, म्हणजे पचनालाही उत्तम. आता त्यावर मूठभर शेव, कांदा आणि जिरावण पडतं, ही गोष्ट वेगळी. जिलबी मी फक्त रविवारी घेत असे. आणि कुणी आग्रह केला तर.

टोळक्यातले कंपोस्टवाले मात्र अभ्यासू. ओला कचरा घरीच जिरवायचा, हे त्यांनी इंदूरच्या स्वच्छतेपायी नव्हे, तत्त्व म्हणून धरलेलं. सर अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज १९२४ ते १९३१ इथल्या संस्थेत होता आणि कंपोस्टची जी पद्धत त्याने बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, हे ते कुणालाही, पोहेवाल्यालासुद्धा, ऐकवतात. माती निरोगी तर पीक निरोगी, पीक निरोगी तर माणूस निरोगी, असं हॉवर्डचं म्हणणं. त्या न्यायाने कंपोस्टवाल्यांच्या गच्चीवर खताच्या ड्रममध्ये एक वेल आपोआप उगवला. कुणी लावला नाही, पेरला नाही. त्याला दुधी लागला. ‘‘याचा रस घ्या,’’ ते म्हणाले, ‘‘पंधरा दिवसांत बीपी खाली.’’ इतका शुद्ध दुधी अख्ख्या इंदुरात नसेल.

मी पेलाभर रस काढला. पहिला घोट घेतला आणि डोक्यापर्यंत शहारा गेला. कारलं त्यापुढे श्रीखंड. बायको म्हणाली, ‘‘टाकून द्या हो, काहीतरी बिघडलंय.’’ पण आपण काय शिकलेलो असतो? कडू ते औषध. गोड बोलणाऱ्यावर आणि गोड लागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मी नाक दाबून पेला रिकामा केला.

पुढचा अर्धा तास गाळतो. इतकंच सांगतो की बाथरूमच्या फरश्या मी इतक्या जवळून कधी बघितल्या नव्हत्या. घामाने गंजीफ्रॉक चिंब, डोळ्यांपुढे अंधारी. बायकोने शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. दवाखान्यात पट्टा दंडाला लागला आणि नर्सने आकडा सांगितला: ८८–५६.

मला बोलायचं त्राण नव्हतं, तरी मी बायकोकडे बघून म्हणालो, ‘‘आलं की नाही खाली?’’

ड्यूटीवरची डॉक्टर मराठीच निघाली, आमच्या सुनेच्या वयाची.

‘‘काका, चव कशी होती रसाची?’’

‘‘कडू.’’

‘‘खूप?’’

‘‘जहर.’’

‘‘मग प्यायलात कशाला?’’

‘‘कडू होता म्हणून.’’

तिने पेन खाली ठेवलं. मग सलाइन चालू असताना सगळं सांगितलं. दुधी, काकडी, भोपळा या जातीच्या वेलींत कुकर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. जनावरांनी खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ती सोय. पेरणीच्या वाणांत ती जवळजवळ नसतात, पण आपोआप उगवलेल्या, संकर झालेल्या वेलीला पुन्हा येऊ शकतात. यावर उतारा नाही. सलाइन लावायचं आणि लक्ष ठेवायचं. २०१० साली दिल्लीत असा कडू रस पिऊन एकजण दगावले, त्यानंतर भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिने सांगितलं की दुधीची फोड आधी चाखा, कडू लागली तर फेकून द्या.

‘‘गाय तोंड लावत नाही, काका,’’ ती म्हणाली.

मी वाद घालायचा प्रयत्न केला. झोपूनच. म्हटलं, अहो पण तुमची औषधंही झाडपाल्यातूनच आली ना? ती म्हणाली, ‘‘आलीच की. हृदयाचं डिजिटालिस फॉक्सग्लोव्हच्या पानातून आलं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं मूळही एका झाडात आहे. पण किती मिलिग्रॅम ते पाकिटावर छापतात. तुमच्या दुधीवर काही छापलं होतं?’’ मीटर रीडिंगवर आयुष्य काढलेल्या माणसाला यावर बोलायला जागा राहिली नाही.

दोन दिवसांनी घरी आलो. कंपोस्टवाले येऊन वेल उपटल्याचं सांगून गेले; हॉवर्डचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी मेथीचं पाणी हातात घेतलं, बायको देवपूजेत आहे असं बघून पाकिटातली एक गोळी तोंडात टाकली आणि मेथीच्या पाण्याबरोबर गिळली. काढा, लसूण, तांब्या सगळं आपसूक सुटलं. मेथी तेवढी राहिली, गोळी कशाबरोबर तरी घ्यावी लागतेच. घोटे अजून २३ आहेत. शेव घरात येते, पण डबा आता बायकोच्या कपाटात असतो.

दीड महिन्याने नेहरू पार्कात वकीलसाहेबांनी नवं मशीन आणलं होतं. सगळ्यांनी हौसेने हात पुढे केले. माझं आलं १२८–८०. टोळकं गप्प झालं.

‘‘क्या लेते हो?’’ वकीलसाहेबांनी विचारलं.

आता इतक्या वर्षांची इभ्रत. मी म्हणालो, ‘‘मेथी.’’

लगेच चर्चा सुरू झाली: भिजवलेली की मोडाची, चावून की गिळून. वकीलसाहेबांनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं. बँकवाले भिया मात्र काही बोलले नाहीत. त्यांचंही १२६ आलं होतं. पोह्यांकडे निघालो तेव्हा ते मुद्दाम मागे रेंगाळले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारलं,

‘‘भिया, मेथी पाँच वाली कि दस वाली?’’