छोटी बोट बोअर होते? कोण म्हणतं!

एका लेखात वाचलं की छोट्या लक्झरी क्रूझवर कॅसिनो नाही, शो नाहीत त्यामुळे दोन दिवसात कंटाळा येतो, मला अजिबात पटलं नाही. आम्ही नौपाड्यातले, 2019 च्या जुलैत आमच्या ह्यांच्या रिटायरमेंटनंतर ग्रीसला अशाच बोटीने गेलो होतो, जेमतेम शंभरेक पॅसेंजर. तिसऱ्या दिवशी वेटर नावाने हाक मारायला लागला, ह्यांना जेवणावर लगेच चहा लागतो हेसुद्धा त्याला पाठ 😀

पण खरी मजा कॉरिंथच्या कालव्यात. 1893 चा कालवा, सहा किलोमीटरच्या वर लांब आणि रुंदी जेमतेम 25 मीटर, त्यामुळे ती मोठाली जहाजं तिथे शिरूच शकत नाहीत. आमच्या बोटीला पुढून टग, म्हणजे जहाज ओढणारी छोटी बोट, ओढत होता आणि दोन्ही बाजूंना सरळसोट कापलेले पिवळट कडे, इतके जवळ की भेगांत उगवलेली झुडपं मोजून घ्यावीत. डेकवर सगळे चिडीचूप. मी रेलिंगबाहेर हात काढला तर हे केवढ्यांदा ओरडले!

हां, छोटी बोट हलते मात्र, डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर असले तरी. तिकडे उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटतो, मेल्टेमी म्हणतात, तो सुटला त्या रात्री टेबलावरचे ग्लास सरकत होते आणि आम्ही केबिनमधे आवळासुपारी चघळत आडवे. आणि व्हेज असाल तर बुकिंग करतानाच लिहून द्या, आम्ही तोंडी सांगितलं आणि चार दिवस नुसता पास्ता खाल्ला. मेतकूट नेलं होतं म्हणून वाचलो.