‘दातात खिळा ठोकून घेऊ नका’ या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: इम्प्लांट (पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवतात ते कृत्रिम मूळ) म्हणजे जबड्यात ठोकलेला खिळा, त्यानं हाड कुजतं, वरच्या दाढेला केला तर नजर जाते, पुढे एमआरआय होत नाही, शुगरवाल्यांनी तर नावच काढू नये, आणि एवढं करून बसवलाच तर मग आयुष्यभर बघायला नको. शेवटचं वाक्य सगळ्यांत घातक आहे, त्याकडे शेवटी येऊ.

खिळा ठोकत नाहीत. टायटॅनियमचा आट्यांचा स्क्रू असतो, साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड आणि 8 ते 13 मिलिमीटर लांब. आधी बारीक ड्रिलनं छिद्र, मग एकेक पायरी मोठं ड्रिल, आणि हे सगळं सलाइनची धार सोडत. धार कशाला? हाड 47 अंशांच्या वर मिनिटभर तापलं की तिथल्या पेशी मरतात. मग स्क्रूला हाड धरत नाही, भोवती नुसता तंतूंचा पडदा होतो आणि स्क्रू हलायला लागतो. ‘हाड कुजलं’ म्हणून सांगितलं जातं त्यात अशी घाई, बोथट ड्रिल किंवा जंतुसंसर्ग असतो. दोष टायटॅनियमचा नसतो. स्वीडनच्या ब्रोनमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, ते त्या माणसाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं टिकले. हाड धरायला खालच्या जबड्यात सहसा दोन-तीन महिने लागतात. वरचं हाड मऊ, तिथं जास्त. तेवढं थांबायचं, मगच वर अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा तुकडा) आणि कॅप.

नजरेचा संबंध नाही. डोळ्यानं दिसतं ते दुसऱ्या मज्जातंतूमुळे, दातांची संवेदना जाते पाचव्यातून. खरी जपायची जागा खाली आहे: खालच्या दाढांखालून जाणारी नस. स्क्रूचं टोक आणि नस यांत निदान 2 मिलिमीटर अंतर हवं, नाहीतर ओठ नि हनुवटी बधिर पडते. वरच्या दाढांवर सायनसची, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी असते, तीही जपायची. साध्या एक्स-रेत हाडाची रुंदी कळत नाही, म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं सगळ्या बाजूंनी चित्र देणाऱ्या स्कॅनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

एमआरआय चालतो, टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. कवळी चुंबकावर बसवलेली असेल तर मात्र आधी सांगायचं.

शुगर असली तरी इम्प्लांट होतो. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) सातच्या आसपास असेल तर अडचण नाही. आठच्या वर असेल तर आधी शुगर आणि मग दात. हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेत असाल तर ते जरूर सांगा, त्यात जबड्याचं हाड भरून येत नाही असं होऊ शकतं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

मेसेजात नसलेली गोष्ट म्हणजे मिश्री. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की आपल्याकडच्या कितीतरी मावश्या, आज्या मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. पण ती भाजलेली तंबाखूच. सकाळी बोटानं हिरडीवर चोळली की निकोटीननं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि जखम भरायला रक्त हवं असतं नेमकं तिथंच. ऑपरेशनआधी निदान आठवडा आणि नंतर दोन महिने मिश्री बंद हवी. कायमची सुटली तर फारच चांगलं. सिगारेटचंही तेच. घरातल्यांनी हा प्रश्न नाव घेऊन विचारावा: ‘मिश्री लावतेस का?’

आता ‘आयुष्यभर बघायला नको’. इम्प्लांटला कीड लागत नाही, इतकंच खरं. भोवतीची हिरडी मात्र सुजते, मग हाड झिजत जातं, आणि बहुतेक वेळा दुखत नाही म्हणून कळत नाही. घासताना रक्त येणं हीच पहिली खूण. रोज दोन वेळा ब्रश, फटीत प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या तारेचा बारीक ब्रश, सहा महिन्यांनी तपासणी. आपल्या दाताच्या मुळाभोवती गादीसारखे तंतू असतात, इम्प्लांटला ते नाहीत. जोर किती पडतोय ते नीट जाणवत नाही. म्हणून ऊस त्या बाजूनं सोलायचा नाही.

कॅप हलली तर इम्प्लांट गेला असं समजू नका. पुष्कळदा कॅप धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो, तो ठरलेल्या दाबानं आवळता येतो. तसंच चावत राहिलात तर तो आत तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढणं फार किचकट काम आहे. त्याच आठवड्यात जा.